शिफारस मान्य, पुढे काय?
रेल्वेचे लेखापरीक्षण आणि बाबासाहेबांची एक खंत

निझव्यात राहणाऱ्याला पाण्याच्या हिशेबाची ओळख करून द्यावी लागत नाही. गावाला पाणी पाजणारा फलज दारिस शतकानुशतके वाहतो आहे. २००६ साली युनेस्कोने ओमानमधील ज्या पाच फलजांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तो एक आहे. या पाण्याचे वाटे लिटरांत मोजत नाहीत, वेळेत मोजतात. अर्ध्या तासाच्या वाट्याला ‘अथर’ म्हणतात. फलजचा कारभार पाहणारा ‘वकील’, वाट्यांचा लिलाव पुकारणारा ‘दलाल’ आणि नोंदी सांभाळणारा ‘अमीन अल-दफ्तर’. वकील, दलाल, अमीन, दफ्तर हे शब्द पेशवाईच्या कागदांपासून तलाठ्याच्या चावडीपर्यंत आपणही वापरत आलो आहोत, हे कानावर पडताच गंमत वाटते. या व्यवस्थेत एक गोष्ट चटकन लक्षात येते. हिशेब चुकला तर खालच्या बागेतल्या माणसाला त्याच दिवशी कळते, कारण त्याच्या खजुराच्या मुळाशी पाणी पोहोचलेले नसते.

आमच्या येथील काही कुटुंबे संविधान दिनी एका घरी जमतात आणि संविधानाचा एखादा भाग वाचतात. मागच्या खेपेस कलमे १४८ ते १५१ वाचली. ती भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकासंबंधी, म्हणजे बोलीत ज्याला ‘कॅग’ म्हणतात त्या पदासंबंधी आहेत. वाचन संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने विचारले, “कॅगने चूक दाखवली. ती सुधारली की नाही, हे कोण पाहते?” मुलीचा जन्म ओमानचा. या देशात अद्याप प्रवासी रेल्वे नाही. तिने आगगाडी पाहिली ती सुट्टीत, आजोळी जाताना. पण तिचे पणजोबा भुसावळ विभागात गँगमन होते. खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्या घरांचा इतिहास असाच कुठेतरी रुळांपाशी जाऊन पोहोचत होता. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्याच उदाहरणाने शोधावे असे ठरले. हा लेख त्या शोधातून आला.

भारतीय रेल्वेचा इतिहास सांगताना आपण १६ एप्रिल १८५३ ही तारीख घेतो. त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. रेल्वेच्या हिशेबाचा इतिहास मात्र त्याच्या चार वर्षे आधी सुरू होतो. १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी करार केला. रेल्वेसाठी जमीन सरकार देणार आणि भागधारकांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमीही सरकारच देणार, असे त्यात ठरले. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे नाशिकच्या किंवा खानदेशच्या रयतेने भरलेल्या साऱ्यातून लंडनच्या भागधारकाचे व्याज चुकते व्हायचे. व्हाइसरॉयच्या मंडळात वित्तसदस्य राहिलेल्या विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना या व्यवस्थेचे मर्म उघडे केले. पैसा देणाऱ्याला ५ टक्के मिळत राहिले की तो पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळी नदीत फेकला गेला, याचे त्याला सोयरसुतक नव्हते, अशा आशयाचे ते बोलले.

या कंपन्यांवर देखरेख ठेवायला सरकारने सल्लागार अभियंते नेमले होते. तपासणी होत होती, शेरे लिहिले जात होते. तरीही १८६३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या बोरघाटातील माऊ-की-मल्लीचा उंच पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. त्यानंतर जीआयपीच्या इतर पुलांची पाहणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणचे दगडी बांधकाम निकृष्ट निघाले. देखरेख करणारा होता, पण त्याचे न ऐकल्याची किंमत कंपनीला मोजावी लागत नव्हती, कारण हमी होती.

विद्यार्थिदशेत बाबासाहेब नेमके याच प्रकारच्या प्रश्नांच्या मागे लागले होते. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली सादर केलेला त्यांचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर व वित्तव्यवहारावर होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ त्याच्या पुढची पायरी आहे. या ग्रंथाकडे आपल्या लोकांचे लक्ष कमी जाते, कारण त्यात आकड्यांची कोष्टके आहेत आणि जातीचा उल्लेख क्वचितच आहे. पण त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतो. खर्च करणारा एक आणि पैसा उभा करण्याची जबाबदारी दुसऱ्यावर, अशी रचना झाली की उधळपट्टी कोण रोखणार? १८३३ नंतरच्या केंद्रीकरणात प्रांतांना खर्च मागण्याची मुभा होती आणि पैसा जमवण्याची काळजी नव्हती, याचे त्यांनी तपशीलवार विवेचन केले आहे. पुढे संविधान लिहिताना हिशेबाच्या कलमांवर त्यांचा हात का रेंगाळला, त्याचे बीज येथे आहे.

मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाची पहिली लोकलेखा समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद वित्तसदस्याकडे होते. पहिले अध्यक्ष सर माल्कम हेली. ज्या सरकारचा हिशेब तपासायचा त्याच सरकारचा कारभारी समितीच्या खुर्चीत, असा हा प्रकार स्वातंत्र्यानंतरही थोडा काळ चालू राहिला. त्याच सुमारास विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेल्वेचा पैसा सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा काढावा असे सुचवले आणि १९२४ मध्ये स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाचा ठराव झाला. ही व्यवस्था २०१७ पर्यंत टिकली.

आता या हिशेबाच्या पलीकडे, रुळावर उभा असलेला माणूस पाहू. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी सांगितले ते याच व्यासपीठावरून, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीचे लोक नव्हेत, स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार असा तिचा अर्थही तेथेच स्पष्ट केला. हे वाक्य आपल्या घराघरांत पोहोचले आहे. त्याच भाषणातला रेल्वेविषयीचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो, त्याला वर चढण्याची वाट नसते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. पोर्टरची साधी जागासुद्धा त्याला क्वचितच मिळे. स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेई आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे, ही अडचण. कारखान्यांतही तो बहुधा हमालीवरच असे, कारागिरांच्या वर्गात त्याला प्रवेश मिळणे कठीण.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. स्टेशनमास्तराचे घरकाम रेल्वेच्या कोणत्याच हिशेबात नव्हते. पोर्टरचा पगार वहीत होता, त्या पगारात तो प्रत्यक्ष काय करतो हे वहीत नव्हते, आणि त्यामुळे अस्पृश्याला ती जागा का मिळत नाही, हेही वहीत नव्हते. हिशेबतपासनिसाने कितीही काटेकोर नजर टाकली तरी त्याला हा अन्याय दिसला नसता. तो दिसला, कारण मनमाडला जमलेल्या माणसांनी तो सांगितला.

अकरा वर्षांनी, ३० मे १९४९ रोजी, संविधान सभेत महालेखापरीक्षकासंबंधीच्या मसुद्यावर चर्चा झाली. मसुदा समितीच्या अध्यक्षाने आपल्या मसुद्याचे समर्थन करायचे असते. बाबासाहेबांनी त्या दिवशी वेगळे केले. हा अधिकारी कदाचित संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, संसदेने मंजूर केलेल्या खर्चाची मर्यादा ओलांडली जात नाही हे पाहणारा तो एकटा माणूस आहे, आणि त्याची कर्तव्ये न्यायपालिकेच्या कर्तव्यांहूनही महत्त्वाची आहेत, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांनी स्वतःच्या मसुद्यातली उणीव कबूल केली. सर्वोच्च न्यायालयासंबंधीची कलमे आणि ही कलमे शेजारी ठेवून पाहिली तर न्यायालयाला दिलेले स्वातंत्र्य आपण या पदाला दिलेले नाही, वास्तविक ते त्याहून अधिक असायला हवे होते, अशी त्यांची खंत होती. आपल्याच कार्यालयातील कर्मचारी नेमण्याच्या अधिकारापाशी हा फरक सर्वांत ठळक दिसत होता.

बाबासाहेबांची ही कबुली वाचून मी थबकलो होतो. संविधान सभेतली त्यांची भाषणे आपण बहुधा विजयाची भाषणे म्हणून वाचतो. हे भाषण अपुऱ्या राहिलेल्या कामाची नोंद करते.

त्या मुलीच्या प्रश्नाची गाठ येथेच आहे. कलम १५१ प्रमाणे महालेखापरीक्षक संघराज्याच्या हिशेबाचा अहवाल राष्ट्रपतींना देतो आणि राष्ट्रपती तो संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवण्याची व्यवस्था करतात. संविधान येथपर्यंत सोबत करते. अहवाल सभागृहाच्या टेबलावर ठेवल्यानंतर त्याचे काय व्हावे, कोणी उत्तर द्यावे, किती दिवसांत द्यावे, न दिल्यास काय, यावर त्यात एक अक्षर नाही. पुढचा सारा प्रवास लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांवर आणि रूढ झालेल्या प्रथांवर चालतो.

तो प्रवास असा आहे. लोकलेखा समितीचे बावीस सदस्य असतात, लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात. १९५० पासून ती लोकसभेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली आणि मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली. मिनू मसानी हे तसे पहिले अध्यक्ष. कॅगच्या अहवालांतील शेकडो परिच्छेदांपैकी काही मोजके विषय समिती दरवर्षी सखोल चौकशीसाठी निवडते. सचिवांना बोलावते, साक्षी घेते, अहवाल देते. त्यातील शिफारशींवर काय केले हे मंत्रालयाने सहा महिन्यांत कळवायचे असते. निवडले न गेलेले परिच्छेदही सुटत नाहीत. अहवाल संसदेत आल्यापासून चार महिन्यांच्या आत संबंधित मंत्रालयाने कार्यवाहीची टिप्पणी द्यावी, असा दंडक समितीने १९९० च्या दशकात घालून दिला.

मग समिती आणखी एक अहवाल काढते, कार्यवाही अहवाल. त्याची प्रकरणे ठरलेली असतात. सरकारने मान्य केलेल्या शिफारशी एका प्रकरणात, उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या दुसऱ्यात, उत्तर न पटल्यामुळे पुन्हा बजावलेल्या तिसऱ्यात, आणि ज्यांवर अंतरिम उत्तर आले किंवा काहीच आले नाही त्या शेवटच्यात. माझ्या मते भारतीय लोकशाहीचा खरा आलेख पाहायचा तर ही शेवटची दोन प्रकरणे उघडावीत. पण खरी मेख पहिल्या प्रकरणात असते. ‘मान्य’ या सदरात शिफारस गेली म्हणजे ती अमलात आली, असे नव्हे. सूचना जारी केल्या, विभागांना कळवले, समिती नेमली, असे उत्तर दिले तरी शिफारस मान्य झालेली असते. आपल्यापैकी ज्यांनी कोणत्याही कार्यालयात दोन वर्षे काढली असतील त्यांना ही भाषा वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

रेल्वेने ही भाषा फार पूर्वी आत्मसात केली. अपघातांवर १९६२ साली हृदयनाथ कुंझरू यांची समिती, १९६८ मध्ये वांच्छू समिती, १९७८ मध्ये सिक्री समिती, १९९८ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांची समिती. खन्ना समितीने एकूण २७८ शिफारशी केल्या आणि त्यानंतर २००१ मध्ये १७,००० कोटी रुपयांचा विशेष सुरक्षा निधी उभा राहिला. हे व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. जुने रूळ, पूल आणि सिग्नल बदलले गेले. सप्टेंबर २०११ मध्ये अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली, तिने फेब्रुवारी २०१२ मध्ये १०६ शिफारशी केल्या.

काकोडकर समितीचा अहवाल आपल्या घरांतील प्रत्येकाने निदान चाळावा अशा योग्यतेचा आहे, कारण एरवी कुठेही एकत्र न येणारी माणसे त्यात मोजली आहेत. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा समितीचा अंदाज होता. हे मृत्यू रेल्वेच्या ‘अपघात’ या व्याख्येत बसत नाहीत. अनधिकृत प्रवेश म्हणून ते वेगळे काढले जातात. कोणत्याही सुसंस्कृत समाजाला ही कत्तल खपू नये, अशा कडक शब्दांत समितीने लिहिले. दुसरा आकडा आपल्याला अधिक जवळचा. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी काम करताना मेले आणि ८,७०० जखमी झाले. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांत मेलेल्यांची संख्या हजाराच्या आसपास होती. प्रवाशांच्या अपघाताची बातमी होते, चौकशी होते, मंत्र्याचा राजीनामा मागितला जातो. गँगमन धुक्यात किंवा वळणावर गाडीखाली येतो तेव्हा त्याच्या घरी अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीचा अर्ज येतो.

या समितीची एक शिफारस अशी होती की रेल्वेच्या सुरक्षेवर नजर ठेवणारे स्वतंत्र, कायद्याने स्थापलेले प्राधिकरण असावे. गाड्या चालवणाऱ्यानेच त्यांच्या सुरक्षेचे नियम करावेत आणि त्यानेच ते पाळले गेले की नाही हे ठरवावे, हे योग्य नव्हे. १९४९ च्या त्या भाषणाशी हिचे नाते उघड आहे. असे प्राधिकरण आजवर अस्तित्वात आलेले नाही. उलट, रक्षकाविना असलेल्या रेल्वे फाटकांबाबतची शिफारस पाहा. ब्रॉडगेजवरील अशी सर्व फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद झाली किंवा तेथे माणूस, पूल वा भुयारी मार्ग आला. प्रत्येक फाटकाला क्रमांक होता, दर महिन्याला किती उरली हे सांगावे लागत होते. मोजता येणारे आणि कोणाचा अधिकार कमी न करणारे काम झाले.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅगचा गाड्या रुळांवरून घसरण्यासंबंधीचा अहवाल संसदेत आला. २०१७ ते २०२१ या काळातील १,१२९ घसरणींच्या चौकशी अहवालांची त्यात छाननी आहे. त्यांपैकी ४२२ घसरणींची जबाबदारी अभियांत्रिकी विभागावर येत होती आणि १७१ प्रकरणांत रुळांची देखभाल हेच कारण होते. रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्के तूट होती. ६३ टक्के चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत वरिष्ठांकडे गेले नव्हते, ४९ टक्के प्रकरणांत वरिष्ठांनी ते स्वीकारायला उशीर लावला होता. काकोडकर समितीनंतर पाच वर्षांनी, २०१७-१८ मध्ये, ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोश’ नावाचा एक लाख कोटींचा निधी जाहीर झाला होता. त्यात रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून चार वर्षांत २०,००० कोटी घालायचे होते. घातले ४,२२५ कोटी. निधीतून झालेल्या काही खरेदीत पाय चेपण्याची यंत्रे आणि भांडीकुंडी निघाली, आणि वृत्तपत्रांनी साहजिकच तेवढेच उचलले. गाडीचालकाच्या विश्रांतिगृहात पाय चेपण्याचे यंत्र असायला माझी हरकत नाही, त्याची ड्यूटी मी पाहिली आहे. पण रुळांसाठी राखलेल्या पैशातून ते यावे का, हा कॅगचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

सहा महिन्यांनी, २ जून २०२३ रोजी, ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मेली. येथे नेमकेपणा पाळला पाहिजे. हा अपघात रुळांच्या देखभालीमुळे नव्हे, सिग्नलच्या जोडणीत केलेल्या चुकीच्या फेरफारामुळे झाला; त्यामुळे कॅगने सांगितलेलेच घडले, असे म्हणणे चूक होईल. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. मे २०२२ मध्ये त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज येथे अशाच चुकीच्या जोडणीचा प्रकार घडला होता. त्यानंतर दुरुस्तीचे उपाय केले असते तर बाहानगा टळले असते, असे आयुक्तांनी नोंदवले. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, हे येथे सांगून ठेवतो. ते निष्कर्ष काढतात. अंमलबजावणी रेल्वेच्या हाती.

आता ज्या विषयासाठी हा सारा पसारा मांडला, त्याकडे येतो. भारतीय रेल्वेच्या डब्यांतील शौचालये दीर्घकाळ थेट रुळांवर उघडत. कॅगने स्थानके, गाड्या व रूळ यांच्या पर्यावरणविषयक व्यवस्थापनावर २०१२-१३ मध्ये दिलेल्या अहवालात रोज सुमारे ३,९८० टन मानवी मैला रुळांवर पडतो असा हिशेब मांडला. प्रवाशाच्या दृष्टीने ही दुर्गंधी, अभियंत्याच्या दृष्टीने रूळ गंजण्याचे कारण. काकोडकर समितीनेही उघडी शौचालये बंद करण्याची शिफारस सुरक्षेच्या प्रकरणातच केली, कारण मैल्यामुळे रूळ गंजतो आणि त्याची नीट तपासणीही होत नाही. पण स्थानकात थांबलेल्या गाडीखालचा तो मैला झाडू आणि पाण्याच्या पाइपाने दूर करणारी माणसे कोण होती, हे आपल्यापैकी कोणालाही विचारावे लागत नाही.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. त्यानंतर दहा वर्षांनी, २००३ मध्ये, सफाई कर्मचारी आंदोलनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारी यंत्रणाच ही प्रथा चालवतात, असे त्यांचे म्हणणे होते. खटला अकरा वर्षे चालला. तो चालू असतानाच २०१३ चा नवा कायदा आला. त्याने व्याख्या रुंद केली आणि रुळावरचा मैला साफ करणाऱ्यालाही त्या व्याख्येत घेतले. हे मोठे पाऊल होते. पण त्याच कलमात परंतुके आहेत. केंद्र सरकार अधिसूचित करील अशी साधने व संरक्षक पोशाख वापरून जो मैला साफ करतो त्याला या कायद्याखाली मैला साफ करणारा मानायचे नाही. आणि रेल्वेच्या प्रवासी डब्यातील पाण्याचे शौचालय कर्मचारी अशाच साधनांनी साफ करत असेल, तर ते अस्वच्छ शौचालय मानायचे नाही. काम तेच, जागा तीच, माणूसही तोच. हातमोजे दिले की कायद्याच्या लेखी तो माणूस उरत नाही.

मनमाडच्या पोर्टरची आठवण येथे होते.

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रुळांवरील ही प्रथा संपवण्यासाठी रेल्वेने कालबद्ध धोरण आखावे असा आदेश केला. संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने तयार केलेली जैव-शौचालये त्यानंतर झपाट्याने बसू लागली. या टाक्यांत जिवाणू मैल्याचे पाणी व वायू करतात. पण घाईचाही हिशेब कॅगने तपासला. डिसेंबर २०१७ च्या अहवालात २०१६-१७ मध्ये पाहिलेल्या सुमारे २५,००० जैव-शौचालयांत जवळजवळ दोन लाख दोष नोंदलेले आढळले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तुंबण्याचे होते. तुंबलेली टाकी गाडी यार्डात आल्यावर कोणीतरी मोकळी करतो. अहवालात टाक्यांची संख्या आहे, तुंबण्याची संख्या आहे.

२०१९-२० च्या सुमारास सुमारे ६९ हजार डब्यांत दोन लाख चाळीस हजारांहून अधिक जैव-शौचालये बसल्याचे रेल्वेने जाहीर केले. हे खरे यश आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. भुसावळ किंवा मनमाडच्या फलाटावर उभे राहून खाली पाहिले तर वीस वर्षांपूर्वीचे दृश्य आज दिसत नाही. कॅगचा आक्षेप, समितीची शिफारस, न्यायालयाचा आदेश आणि त्यामागे कार्यकर्त्यांचा अकरा वर्षांचा रेटा, हे एका दिशेने आले तेव्हा हे घडले. डब्यांचे काम पूर्ण, अशी नोंद झाली. रुळावरची ही सफाई मात्र दरम्यानच्या काळात बऱ्याच स्थानकांत कंत्राटदारांकडे गेली होती. कंत्राटदाराचा माणूस रेल्वेच्या हजेरीपटावर नसतो; म्हणून शौचालये मोजताना तो मोजला जात नाही आणि रेल्वेचे कर्मचारी मोजतानाही नाही. त्याचे पुनर्वसन झाले का, हा प्रश्न कोणत्या परिच्छेदात विचारायचा, हेच ठरत नाही.

त्या मुलीला मी शेवटी एवढेच सांगू शकलो की पाहणारे आहेत. संसदेची समिती आहे, तिचे कार्यवाही अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि शिफारस कोणत्या प्रकरणात ठेवली आहे ते पाहायला पाच मिनिटे पुरतात. तिने फोनवर रेल्वेवरचा एक अहवाल उघडला आणि थेट शेवटच्या प्रकरणावर गेली. मग २०१३ चा कायदा काढून दुसऱ्या कलमातील परंतुक मोठ्याने वाचू लागली. ते परंतुक आजही तसेच आहे.